ॲलेक गिनेस यांचं अजून काय बघू?

देवगडकर: काल 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) बघितला, त्यात प्रोफेसर गोडबोले म्हणून ॲलेक गिनेस आहेत. आता आमच्या कोकणात गोडबोले आडनाव म्हणजे अगदी घरातलं, त्यामुळे गोऱ्या माणसाला रंग फासून गोडबोले केलेला बघून खटकलंच, पण नट मोठा आहे हे कळत होतं.

मालवणची ताई: खटकणारच रे दादा, सईद जाफरी, रोशन सेठ त्याच सिनेमात असताना! पण तू 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) बघच. एकाच खानदानातले आठ जण हा एकटा माणूस करतो आणि त्यात एक बाईसुद्धा आहे. मला तर जत्रेतला दशावतार आठवला, लुगडं नेसून आलेला नट पहाटेपर्यंत बाईच वाटतो ना, तसंच, उगाच हातवारे नाहीत, फक्त मान आणि चाल बदलते.

गुहागर: मुळात नाटकातला माणूस. आधी जाहिरातींचा मजकूर लिहायचे, मग १९३८ ला लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात आजच्या कपड्यातला हॅम्लेट केला, युद्धात नौदलात होते, १९४३ च्या सिसिलीच्या स्वारीत बोट सांभाळली. ऑस्कर 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) साठी. लोक त्यांच्या 'स्टार वॉर्स' सिनेमाचंच नाव घेतात याचं वाईट वाटतं.

देवगडकर: थँक्यू ताई, आज रात्री आठ जणांवालाच लावतो, लाईट राहिली तर.