शांघायमधल्या साध्या डम्पलिंग-नूडल्सच्या दुकानात काय आणि कसं मागवावं?

पाटावरवंटा:
पुढच्या महिन्यात आम्ही दोघं शांघायला जातोय. मोठ्या हॉटेलांपेक्षा गल्लीतल्या साध्या डम्पलिंग-नूडल्सच्या दुकानांत जेवायचंय. मी सगळं खातो, फक्त बीफ नाही. बायको अंडं खाते, मांस-मासे अजिबात नाही. एका माणसाला किती मागवायचं, सूपवाली डम्पलिंग्ज अंगावर न सांडता कशी खायची आणि बायकोला पोटभर काय मिळेल? पैसे कसे द्यायचे तेही सांगा.

वाफारा:
आधी माप. श्याओलोंगबाओ, म्हणजे वाफवलेली सूपवाली, टोपलीच्या हिशेबाने मिळतात. शंगच्येन मात्र ल्यांगवर विकतात. ही तेलात तळ खरपूस करून झाकणाखाली वाफवलेली असतात, वर तीळ आणि कांद्याची पात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम, पण शांघायमध्ये एक ल्यांग शंगच्येन म्हणजे ४ नग. चार नग हवेत म्हणून तुम्ही चार बोटं दाखवलीत आणि काउंटरवरच्याने ४ ल्यांग धरलं, तर १६ नग समोर येतील. एकच बोट दाखवा आणि 'ई ल्यांग' म्हणा. एका माणसाला एक ल्यांग आणि सोबत वाटीभर सूप पुरे होतं.

आतलं सूप ओतलेलं नसतं. डुकराची कातडी उकळून तिचा रस थिजवतात, ती जेली चिरून सारणात मिसळतात आणि वाफेवर ती वितळते. त्यामुळे खेकड्याचे म्हणून मिळतात त्यांतही बहुतेक वेळा डुकराचं मांस असतंच.

श्याओलोंगबाओ समोर आले की फोटोत वेळ घालवू नका. आवरण पातळ असतं, निवत गेलं की तळाला चिकटतं, मग उचलताना फाटतं आणि सगळं सूप टोपलीखाली जातं. चॉपस्टिकने वरच्या कळ्यांपाशी धरा, पीठ तिथेच जाड असतं. हलकेच डावी-उजवीकडे हलवून तळ सुटा करा आणि चमच्यात ठेवा. कडेला छोटं भोक पाडा, वाफ जाऊ द्या, सूप प्या. मग आल्याच्या बारीक काड्या आणि झनज्यांगचं काळं व्हिनेगर घालून उरलेलं खा. तिखट तेल माझ्या मते इथे नकोच, सूपची नाजूक चव पार झाकली जाते.

शंगच्येन जास्त भाजतं, कारण जाड तळ उष्णता धरून ठेवतो. वरच्या बाजूला लहानसा घास घ्या आणि भोक स्वतःकडे ठेवा. बाजूने करकचून चावलंत तर पिचकारी समोरच्याच्या शर्टावर. कळ्या वर असलेली शंगच्येन सहसा आंबवलेल्या पिठाची आणि कमी रसाची. कळ्या खाली आणि आवरण पातळ असेल तर आत भरपूर सूप आहे असं समजा. तळ गडद तपकिरी हवा. काळा असेल तर कडवट लागणार.

कढीलिंब:
बीफबद्दल दोन गोष्टी. शंगच्येनसोबत करी पावडर घातलेलं बीफ सूप घ्यायची शांघायची जुनी पद्धत आहे. रंग पिवळसर, आत पारदर्शक शेवया. त्याऐवजी 'श्याओ हुनतुन' मागा, म्हणजे लहान वाँटनचं सूप. त्यात डुकराचं मांस असतं.

दुसरं, लांझोउ या शहराच्या पद्धतीच्या नूडल्सची दुकानं. कणीक हाताने ताणून ग्राहकाला हवी तेवढी बारीक किंवा रुंद नूडल करून देतात. माओशी केसासारखी, अर्शी मध्यम, दाख्वान पट्ट्यासारखी रुंद. ही दुकानं हलाल असतात, म्हणून डुक्कर नाही, पण रस्सा बीफचाच. वरचे मांसाचे काप काढायला सांगून रस्सा बदलत नाही. तुम्हा दोघांनाही तो वाडगा नको.

हिरवीपात:
शाकाहाराची खरी अडचण रश्श्यात आणि चरबीत आहे. 'भाजीचे नूडल्स' म्हणून दिलेल्या वाडग्यातही रस्सा हाडांचा असू शकतो. म्हणून बायकोसाठी बिनरश्श्याचे, कालवलेले नूडल्स घ्या. छोंगयौ बानम्येन म्हणजे कांद्याची पात तेलात मंद तळून, ते तेल, सोया सॉस आणि थोडी साखर घालून कालवलेले. यात दोन गोष्टी विचाराव्याच लागतात: सुकी कोळंबी घालता का आणि तेलाऐवजी डुकराची चरबी वापरता का. श्यांगकू-त्साय बाओ, म्हणजे मशरूम आणि पालेभाजीचं सारण भरून वाफवलेला पाव, सर्वत्र मिळतो, पण सारणातल्या चरबीचा प्रश्न तिथेही विचारा. अंडं आणि चायनीज चाइव्हजच्या डम्पलिंगमध्ये बारीक सुकी कोळंबी टाकायची रीत आहे, ती दिसतही नाही. ठेचलेल्या काकडीची लसूण-व्हिनेगरवाली थंड डिश त्यामानाने बिनधोक.

नुसतं 'वो छ्र सू' (मी शाकाहारी आहे) पुरत नाही. 'मांस, मासे, कोळंबी, डुकराची चरबी, हाडांचा रस्सा नको. अंडं चालेल' असं चिनी लिपीत लिहून मोबाईलवर ठेवा. निर्धास्त जेवायचं असेल तर जेड बुद्ध मंदिराच्या नूडल्सखान्यात जा. बौद्ध पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, पण कंदमुळं आणि मशरूम असू शकतात, म्हणून जैन मंडळींनी विचारूनच घ्यावं.

वाफारा:
पैशांचं: निघण्याआधी अलीपे हे मोबाईलवरून पैसे द्यायचं ॲप घ्या, पासपोर्टने ओळख पडताळून व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. एका वेळी २०० युआनपर्यंत जादा शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के. टेबलावरचा क्यूआर स्कॅन केला की मेन्यू बहुधा चिनीत उघडतो. स्क्रीनशॉट काढून भाषांतर करा, त्यासाठी चिनी भाषेचा ऑफलाइन पॅक इथूनच उतरवून न्या. टिप देत नाहीत. टिश्यूचं पाकीट जवळ ठेवा.

पाटावरवंटा:
फार उपयोगी. पहिल्या जेवणाला दोघांसाठी नेमकं काय सांगू?

हिरवीपात:
तुम्हाला एक ल्यांग शंगच्येन आणि श्याओ हुनतुन. त्यांना छोंगयौ बानम्येन, सुकी कोळंबी आणि डुकराची चरबी नको सांगून, आणि मध्ये काकडी. ऑर्डर देण्याआधी शंगच्येनच्या कढईकडे नजर टाका. नुकतंच झाकण ठेवलं असेल तर थोडं थांबा. तयार ढीग बाजूला निवत पडला असेल तर पुढच्या घाण्यातलं मागा, निवल्यावर तळाचा कुरकुरीतपणा जातो. नूडल्स आल्या आल्या तळापासून वर ओढून नीट कालवा, सोया सॉस आणि तेल खालीच बसलेलं असतं.