सरकार उलथवायचा हक्क जनतेला असतो का?

गोरेगावकरीण:
काल जेवताना आमच्याकडे जुंपली. लेक लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात शेख हसीनांना देश सोडावा लागला, त्यावरून विषय निघाला. तिचं म्हणणं, सरकारच माणसं मारायला लागलं तर ते पाडणं हा जनतेचा हक्कच. बाबा (वय ८१, आणीबाणीत चौदा महिने आत होते) भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पाडणं वेगळं, हरवणं वेगळं." पुढे चकार शब्द नाही, सगळं लक्ष अळूच्या फदफद्यात. असा हक्क कुठे लिहिलाय का हो?

परळचा_भाऊ:
जर्मनीच्या घटनेत आहे. कलम २०, १९६८ मध्ये वाढवलेला भाग. घटनात्मक व्यवस्थाच मोडायला निघालेल्याला विरोध करायचा हक्क, पण दुसरा इलाज उरला नसेल तरच. आपल्या घटनेत असलं काही नाही.

कोर्टाच्या_पायऱ्या:
हायकोर्टाच्या आसपास टायपिंग करण्यात माझी ३१ वर्षं गेली. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली, त्या दालनाबाहेर त्यांचे शब्द संगमरवरात कोरलेत. ज्या इमारतीत शिक्षा दिली तिथेच. मला दर वेळी हसू यायचं.

लेकीला सांगा, "हे सरकार घालवा" असं शिवाजी पार्कात ओरडणं हा गुन्हा नाही. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात, तोही राजद्रोहाचाच, सुप्रीम कोर्टाने रेघ हिंसेच्या चिथावणीपाशी ओढली.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात बंडाचा उल्लेख आहे, पण लोक तो उलटा वाचतात. तिथे हक्क दिलेला नाही. हक्कांना कायद्याचं संरक्षण द्या, नाहीतर माणसाला शेवटचा उपाय म्हणून बंड करावं लागेल, अशी ती सरकारांना तंबी आहे. बाबासाहेबही २५ नोव्हेंबर १९४९ ला तेच सांगत होते. रक्तरंजित क्रांती सोडा, सत्याग्रहसुद्धा सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे. पण त्याच भाषणात हेही आहे की सनदशीर मार्गच नव्हता तेव्हा इतर मार्गांना समर्थन होतं. हे वाक्य कोणी फ्लेक्सवर लावत नाही!

म्हणजे सगळं येऊन अडतं एकाच गोष्टीवर: दार उघडं आहे की बंद? २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं ठरवलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना. तुमचे बाबा आत असतील तेव्हा. तरी मार्च १९७७ मध्ये मतपेटी उघडली आणि तुमच्याच गोरेगावच्या मृणालताई गोरे खासदार म्हणून निवडून आल्या, इंदिराबाई हरल्या. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात"! पुढे ४४ व्या दुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं करून घेतलं. बाबांचं "हरवणं" ते हे.

बोरिवली_स्लो:
काका, निवडणूक घेतली म्हणून ना? घेतलीच नसती तर?

कोर्टाच्या_पायऱ्या:
मग मी परळच्या भाऊंच्या जर्मन कलमाकडे. फक्त दार बंद झालंय हे ठरवणार कोण? ज्याला खुर्ची हवी असते त्याला ते कायम बंदच दिसतं.

गोरेगावकरीण:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "घेतलीच नसती तर" यावर बराकीत रोज रात्री वाद. दोघं तर त्यापायी आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्यातले एक कोण, ते मी विचारलं नाही.