फोडणीचा धूर जातो कुठे?

धाकटी (एडिसन, न्यू जर्सी): दादा, जागा आहेस का? परवा बोंबील तळले, आज ऑफिसला निघताना जॅकेट चढवलं तर त्यालाही वास. गॅसच्या वर टांगलेल्या मायक्रोवेव्हला धूर ओढायचा पंखा आहे, तो सगळा वेळ फुल होता. घर घेऊन दोनच महिने झालेत, काय चुकतंय?

दादा (डॅलस): पंखा लाव आणि मायक्रोवेव्हच्या दाराच्या वर जी जाळी आहे तिथे हात धर. वारा लागतो?

धाकटी: लागतो की. गरम वारा, थेट कपाळावर येतो.

दादा: मग हवा बाहेर जातच नाहीये. खालून ओढायची, फिल्टरमधून फिरवायची आणि परत तुझ्याच तोंडावर सोडायची, एवढंच चाललंय.

वहिनी (डॅलस): आमच्याकडे पहिलं वर्षभर हेच होतं गं. मिरच्यांची फोडणी दिली की सगळ्यांना ठसका, आणि हॉलमधला स्मोक अलार्म सुरू. मी खाली उभी राहून टॉवेलने वारा घालायचे.

आई (पुणे): पण फिल्टर असतो ना त्यात?

दादा: दोन असतात, आई. खालची अ‍ॅल्युमिनियमची जाळी तेल धरते. ती महिन्यातून एकदा गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवायची आणि धुवायची. वर कोळशाचा फिल्टर असतो, तो थोडाफार वास शोषतो. तो धुता येत नाही, बदलावाच लागतो, आणि रोज फोडणी असलेल्या घरात तर दर सहा महिन्यांनी. वाफ मात्र कोळशात अडकत नाही. गॅस जळताना होणारा कार्बन मोनॉक्साइडही नाही, आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा भरवसा नाही.

धाकटी: वाफेचं खरंय. रविवारी कुकर आणि आमटी एकदम लावली, तर खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. पिल्लूला दमा आहे रे, म्हणून जीव लागून राहिलाय. थंडीत खिडकीही उघडता येत नाही.

दादा: मायक्रोवेव्हच्या वरचं कपाट उघड. डब्यांच्या मागे पत्र्याचा पाइप दिसतो का?

धाकटी: फोटो टाकलाय. चौकोनी पत्रा आहे. मायक्रोवेव्हच्या डोक्यावर टेकलाय आणि वर जाऊन मागच्या भिंतीत वळलाय.

दादा: अगं, डक्ट आहे तुझ्याकडे, हवा बाहेर न्यायचा पाइप! हे मायक्रोवेव्ह कंपनीतून येतात तेव्हा ब्लोअर, म्हणजे आतला हवा ढकलणारा पंखा, बहुतेक वेळा घरात हवा सोडायच्या बाजूला असतो. टांगायच्या आधी स्क्रू काढून तो फिरवायचा असतो. तोंड वर केलं की हवा वरच्या पाइपात जाते, मागे केलं की थेट भिंतीतून. बसवणाऱ्याने न फिरवताच टांगला. पाइप आयता, आणि त्यातून काहीच जात नाही!

आई: बाहेर सोडलं तर घरातली ऊबही जाईल ना? हीटरचं बिल?

दादा: थोडी जाते. पण पंखा स्वयंपाकापुरता आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं लावायचा. पोराच्या खोकल्यापुढे ते बिल मी मोजणार नाही.

मामा (नाशिक): आणि पाइप नसताच तर? भिंत फोडायची?

धाकटी: टाउनहाउस आहे मामा, बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर असोसिएशनची, म्हणजे इथल्या सोसायटीची, लेखी परवानगी लागते.

दादा: तरी मी म्हणेन, भिंत बाहेरची असेल तर अर्ज करावा. फक्त पाइप माळ्यावर उघडा सोडू देऊ नये, तिथे तेल आणि ओल साचते. वळ्यांचा लवचिक पाइपही नको, गुळगुळीत पत्र्याचाच हवा, नाहीतर हवा अडते. आणि बाहेर सोडला तरी हा पंखा 300-400 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढणारा, त्यातून मायक्रोवेव्ह गॅसपेक्षा आखूड. पुढच्या बर्नरचा धूर त्याच्या समोरून निसटतो. तळण मागच्या बर्नरवरच कर.

वहिनी: म्हणून आम्ही शेवटी मायक्रोवेव्ह ओट्यावर घेतला आणि वर हूड, म्हणजे धूर ओढणारी चिमणी, लावला. फरक पहिल्याच पुरणपोळीला कळला.

दादा: शनिवारी माणूस बोलाव. प्लग आधी काढा. आणि एकट्याने उतरवू नकोस, 50-60 पौंडांचा असतो.

*शनिवार*

धाकटी: ब्लोअर फिरवला. पण पंखा लावला की नुसता घुमतो, वाराही कमी वाटतो.

दादा: बाहेर जा. भिंतीवर जिथे पाइप निघतो तिथे झडप असेल. ती उघडते का बघ.

धाकटी: नाही. भिंत रंगवताना कडेने रंग बसलाय, चिकटलीये.

दादा: पंखा बंद कर. पातळ सुरीने कड मोकळी कर, झडप वाकवू नकोस.

धाकटी: सुटली! हे आत लसणाची फोडणी देताहेत, मी बाहेर उभी आहे. झडप फडफडतेय आणि वास इथे येतोय. आत जाळीपाशी हात धरून बघितला, वारा नाही.

आई: पिल्लू?

धाकटी: ओट्याशीच बसलाय, खोकला नाही.