मदत हवी आहे: लेकीच्या दाढेवर पांढरा डाग, सिमेंट भरायचं की थांबायचं?

मुलुंडची_आई: जरा लवकर सांगा प्लीज. एक डॉक्टर म्हणतात शनिवारी या, सिमेंट भरून टाकू. दुसरे म्हणतात नुसतं फ्लोराइड वार्निश (दाताला बळकटी देणारा लेप) लावू, तीन महिन्यांनी बघू. सासूबाईंचं म्हणणं, दुधाची दाढ पडणारच आहे. शनिवारची अपॉइंटमेंट ठेवू की रद्द करू?

अनघा_के: वय? कुठली दाढ? खड्डा पडलाय की नुसता डाग? काहीच लिहिलं नाहीये.

गिरगावकर: लवंगेचं तेल, कापसाचा बोळा, रोज रात्री. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच.

केतन७: काका, लवंगेनं ठणका थांबतो, कीड नाही. लहान पोरांच्या हिरड्या भाजतात त्यानं.

गिरगावकर: आमच्या कोणाच्या भाजल्या नाहीत. हल्ली ऊठसूट फ्लोराइड.

मानसी_ठाणे: दात पुढे येत असतील तर आत्ताच दाखवून ठेवा. माझ्या मुलाला ब्रेसेस उशिरा लावल्या, फार त्रास झाला.

मुलुंडची_आई: मानसीताई, दात सरळच आहेत हो. वय साडेसहा. खालची, सगळ्यात मागची दाढ. मागच्या वर्षी आली. तिथला दात पडला नव्हता, म्हणजे दुधाचीच ना?

दंतवैद्य_परळ: नाही! सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे येते ती कायमची दाढ. एकही दात न पडता येते, म्हणून घरोघरी हाच घोळ होतो. ती जन्मभर वापरायची आहे.

आता डागाचं. जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात. पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, कॅल्शियम, फॉस्फेट विरघळायला लागतं. पृष्ठभाग अखंड राहतो, आत बारीक बारीक छिद्रं होतात, वाळवल्यावर खडूसारखं पांढरं दिसतं. इथपर्यंत लाळ आणि फ्लोराइड ते भरून काढू शकतात. एकदा खड्डा पडला की मात्र ते भरून येत नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात वर येण्याआधीच संपलेल्या असतात. म्हणून दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पृष्ठभाग तुटलाय का, एवढं विचारा. काही पांढरे डाग जन्मजात कच्च्या इनॅमलचेही असतात, तेही तपासून घ्या.

केतन७: नायरच्या दंत महाविद्यालयात दाखवा, मुंबई सेंट्रलला. लहान मुलांचा वेगळा विभाग आहे.

गिरगावकर: अवांतर: सकाळी मुलुंडहून लेकराला घेऊन जायचं म्हणजे दादरला गाडी बदलताना चेंगराचेंगरी. त्यापेक्षा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय. गाडी तरी बदलावी लागत नाही.

अनघा_के: रात्री दूध पिऊन झोपते का?

मुलुंडची_आई: हो, साखर घालून. ब्रश त्याआधी होतो.

दंतवैद्य_परळ: आधी दूध, मग ब्रश, त्यानंतर फक्त पाणी. झोपेत लाळ कमी असते, आम्ल धुतलं जात नाही. १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. ब्रश तुम्ही फिरवा. ती दाढ पूर्ण वर येईपर्यंत शेजारच्या दातांपेक्षा बुटकी असते, पोरांचा ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही.

मुलुंडची_आई: बरं. शनिवारी जाते, पण आधी वाळवून दाखवा म्हणते, मग सिमेंटचं बघू. वार्निश लावल्यावर जेवायला किती वेळ थांबायचं?