कीबोर्डच्या पट्टीचं लॉक तुटलंय, मदरबोर्डच बदलायला लागेल का?

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी. घरी 2013 चा एक 15 इंची लॅपटॉप आहे, आई त्यावर सोसायटीचे हिशोब करते, मेंटेनन्सची बिलं, थकबाकीची यादी सगळं त्यातच. दिवाळीआधी स्टेशनजवळच्या एका दुकानात कीबोर्ड बदलून घेतला आणि तेव्हापासून टाइप करता करता कीबोर्ड मधेच मरतो, जरा दाबलं-हलवलं की परत चालू. परवा उघडून बघितलं तर कीबोर्डची चपटी केबल ज्या सॉकेटमध्ये जाते त्याचं काळं लॉक तुटलेलं. त्याच्या दोन टोकांना बारके कान असतात ना, त्यातला एक गायब, पट्टी लोंबतेय आणि वर साधा सेलोटेप मारून दिलाय. दुकानदार म्हणतो हा पार्ट सुटा येत नाही, मदरबोर्ड बदला, साडेसहा हजार. यूएसबी कीबोर्ड लावला तर सगळं मस्त चालतं, म्हणजे बोर्ड ठीकच ना? एसएसडी पण टाकून झालाय, एवढ्याशा प्लास्टिकपायी चालतं मशीन भंगारात द्यायचं जिवावर येतंय.

घोडबंदर_रोडकर
मदरबोर्डला हातसुद्धा लावू देऊ नका. यूएसबी कीबोर्ड चालतो यावरून मात्र पक्कं काही ठरत नाही, कारण लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बोर्डवरच्या वेगळ्या चिपमार्फत चालतो. पण हलवल्यावर परत चालू होतो ना, मग चिप जिवंत आहे, फक्त कॉन्टॅक्ट सुटतोय.

त्या लॉकमधून करंट वगैरे काही जात नाही. त्याचं काम एकच, केबलला आतल्या पिनांवर दाबून धरायचं. काही सॉकेटचं लॉक वर उचलायचं असतं, तुमचं कानवालं म्हणजे बाहेर सरकणारं, ते केबलच्या पाठीमागे पाचरीसारखं आत जातं. मग तीच पाचर दुसऱ्या कशाची तरी करायची, विषय संपला. घरात जुना एक्स-रे असेलच, त्याची फिल्म साधारण 0.2 मिमी जाड असते. केबलच्या रुंदीची पट्टी कापा, लांबीला सेंटीमीटरभर ठेवा म्हणजे पुढे कधी काढायची तर धरायला शेपूट राहील, आत जाणारे दोन कोपरे किंचित तिरके कापा. चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा. तुटलेलं लॉक पूर्ण बाहेर घ्या, केबल सरळ आत बसवा आणि मग फिल्म हळूहळू सरकवा. केबलच्या एका बाजूला उघड्या चकचकीत रेघा असतात, दुसऱ्या बाजूला निळी किंवा पांढरी कडक पट्टी. फिल्म त्या कडक पट्टीच्या बाजूने जायला हवी, रेघांच्या बाजूने गेली तर कॉन्टॅक्टच तुटेल. जोर लावावा लागला तर थांबा, पिना वाकल्या तर मात्र खरंच काम वाढेल. शेवटी वरून कॅप्टॉन टेप, तो तपकिरी उष्णता सहन करणारा. सेलोटेप नको, आतल्या गरमीने त्याचा गोंद पाघळतो आणि टेप सुटतो, तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय.

कळवा_नाका
एवढा कुटाणा कशाला, फेविक्विकचा एक थेंब टाका, हलणारच नाही.

घोडबंदर_रोडकर
नको नको, प्लीज असं काही करू नका!! फेविक्विक पाण्याहून जरा जाड, फटीतून सरळ पिनांपर्यंत ओढलं जातं आणि तिथे सुकलं की तो थर करंट अडवतो. मग केबलही निघत नाही आणि सॉकेट खरोखर बदलावं लागतं. माझ्याकडे असे बोर्ड येतात, फार वाईट वाटतं, कारण त्याआधी ते सहज सुटण्यासारखे असतात.

नेरुळची_मीरा
अजून एक मार्ग आहे. लॅमिंग्टन रोडला भंगार बोर्ड विकणारे बसतात, त्यांच्याकडे तेवढ्याच पिनांचं, त्याच मापाचं सॉकेट असलेला मेलेला बोर्ड मिळाला तर नुसतं लॉक चिमट्याने काढून तुमच्या सॉकेटवर बसवता येतं, सोल्डरिंग लागत नाही. तुम्हाला ठाण्याहून दादर, तिथे वेस्टर्न लाइन पकडून ग्रँट रोड आणि पूर्वेला उतरायचं. आपल्या सॉकेटचा जवळून फोटो आणि तुटलेलं लॉक डबीत घालून न्या, नुसतं मॉडेल नंबर सांगून तिथे काम होत नाही. रविवार टाळा.

ऐरोली_सेक्टर८
खूप खूप आभार सगळ्यांचे. बाबांच्या गुडघ्याच्या एक्स-रेचा काळा भाग कापून पट्टी केली, आता केबल घट्ट बसलीय, हलवलं तरी कीबोर्ड मरत नाही. पण सात-आठ कीज अजिबात लागत नाहीयेत, बाकी सगळ्या चालतात. आधी या चालायच्या. कीबोर्ड गेला का?

घोडबंदर_रोडकर
गेला नाही. प्रत्येक कीला स्वतंत्र तार नसते, आत आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, त्यामुळे केबलची एकच रेघ पिनेला लागली नाही की त्या रेघेवरच्या सगळ्या कीज एकदम बंद. म्हणजे केबल केसभर तिरकी गेलीय. आधी टेप, मग फिल्म, मग केबल, या क्रमाने बाहेर काढा. कडक पट्टीची कड सॉकेटच्या तोंडाला डावी-उजवीकडे सारखीच समांतर दिसेपर्यंत केबल बसवा, मग एका हाताने ती तशीच धरून फिल्म घाला, बहुतेक फिल्म घालतानाच ती सरकलीय. त्या रेघा काळपट दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा आणि पूर्ण सुकू द्या, खाडीकडच्या दमट हवेत त्या लवकर काळ्या पडतात. सगळ्या कीज एकेक दाबून बघितल्याशिवाय स्क्रू लावू नका. आणि लांब-आखूड स्क्रू वेगवेगळे ठेवले असतील अशी आशा आहे, लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर वरच्या पामरेस्टला, म्हणजे टाइप करताना हात टेकवतो त्या भागाला, फोड येतो.