मदत हवी आहे: दुपारी भरलेल्या सोड्यात गॅस का धरत नाही?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. मामाचा गोटी सोड्याचा धंदा आहे. बाटल्या घरामागच्या शेडमध्ये भरतो, संध्याकाळी गाडी रंकाळ्यावर. दिवाळीपासून भरायचं काम माझ्याकडं आलंय. थंडीत सगळं झकास चाललं होतं. होळी झाली आणि गिऱ्हाईक म्हणायला लागलं, सोडा नुसता पाण्यागत लागतोय. सिलिंडर तसलाच, रेग्युलेटरचा काटा त्याच आकड्यावर, वेळही तेवढाच. पाणी पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं, फिल्टर होऊन येतं. दुपारी हाताला कोमट लागतं.

सकाळी लवकर भरलेल्या बाटल्या बऱ्या असतात, दुपारच्या फिक्या. मामा म्हणतो प्रेशर वाढव. सिलिंडर देणारा म्हणतो पाणी जड आहे. मशीनवाल्यानं वॉशर बदलायला लावला, बदलला, फरक शून्य. बाटल्या काचेच्या, त्यामुळं प्रेशर वाढवायचं धाडस होत नाही. नक्की भानगड काय आहे?

परीक्षानळी
उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: "हाताला कोमट".

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, त्यामुळे सगळंच तसं असेल असं वाटतं. वायूंचं बरोबर उलटं. वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड 0 अंश सेल्सिअसला साधारण 3.3 ग्रॅम मावतो, 20 अंशांना 1.7 ग्रॅम, 30 अंशांना जेमतेम सव्वा ग्रॅम आणि 40 ला एक ग्रॅमच्या आसपास. पाण्याची वायूच्या रेणूंवरची पकड मुळात ढिली असते. पाणी तापलं की रेणूंची धावपळ वाढते आणि ते निसटून वर येतात. पातेल्यात पाणी उकळायच्या कितीतरी आधी कडेला बारीक बुडबुडे दिसतात ना, ती पाण्यात विरघळलेली हवाच असते.

मामांचं म्हणणं चूक नाही. तापमान तेच असेल तर विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो, हा विल्यम हेन्रीचा 1803 सालचा नियम. पण 5 अंशांच्या पाण्यात जेवढा गॅस बसतो तेवढाच 30 अंशांच्या पाण्यात बसवायचा तर दुपटीहून जास्त दाब लागेल. काचेच्या बाटलीशी हा खेळ करू नका. आणि पाणी जड आहे म्हणून गॅस बसत नाही हे काही पटत नाही. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी वायू विरघळण्यात जाणवेल इतका फरक पडत नाही. शिवाय थंडीतही पाणी तेच होतं की!

जुनी गोटी
भावा, प्रेशरला हात लावू नको, पाण्याला लाव. टाकीचं पाणी रात्री उतरवून घे, चिलर असेल तर उत्तमच, नसेल तर फ्रीजरमधल्या बर्फाच्या पिशव्या ड्रमाच्या भोवती लाव. आत बर्फ टाकू नको, त्याच्या स्वच्छतेची खात्री नसते. पाणी पाच-सहा अंशांवर आलं की मगच मशीनला जोड.

दुसरं म्हणजे मशीनच्या टाकीतली हवा. गॅस सोडलास की वरचा व्हॉल्व्ह जरा उघडून आधीची हवा बाहेर घालव, मग बंद कर. आत हवा राहिली तर काटा प्रेशर दाखवतो पण त्यातला वाटा हवेचा असतो, आणि ती पाण्यात फारशी विरघळत नाही. बाटली उघडली की तीच आधी फेस काढते. हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

रंकाळाकाठ
धन्यवाद दादा, उद्या करून बघतो. पण एक कोडं राहिलं. सकाळची चांगली बाटली उन्हात राहिली की गोटी दाबल्यावर आवाज दणक्यात येतो, फेस हातावर उसळतो, आणि घोट घेतला तर फिका! मग आत गॅस असतो की नसतो?

परीक्षानळी
झकास प्रश्न. बंद बाटलीत गॅस होता तेवढाच असतो, फक्त जागा बदलतो. पाणी तापलं की त्यातला काही गॅस वरच्या मोकळ्या जागेत येतो. ती जागा चिमूटभर, त्यामुळे तिथला दाब चढत जातो. 5 अंशांची बाटली 35 अंशांवर गेली तर दाब दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो. गोटी आत ढकलली की तो दाब एका झटक्यात सुटतो, आणि तापलेल्या पाण्याला उरलेला गॅस धरवत नाही, तो फेस होऊन जातो. म्हणजे मोठा आवाज हा चांगल्या सोड्याचा पुरावा नव्हे. गार बाटलीचा आवाज लहान, पण घोटात झणझणीतपणा जास्त.

तापलेली बाटली वाया गेली असं समजू नका. न उघडता, न हलवता काही तास गार ठेवली की गॅस हळूहळू पाण्यात परत जातो.

जुनी गोटी
म्हणूनच क्रेट गाडीवर उघडे ठेवायचे नाहीत, ओलं पोतं टाकायचं. तडा गेलेली बाटली तर भरायचीच नाही, उन्हात अशीच फुटते. आणि सिलिंडर पत्र्यालगत ठेवू नको. 31 अंशांच्या वर आतला गॅस द्रव राहतच नाही, दाब भसाभस चढतो. किती उरलाय हे काट्यावरून कळत नाही, द्रव संपेपर्यंत काटा भरल्यागतच दाखवतो. वजन करून बघत जा.

रंकाळाकाठ
शेवटचं विचारतो. मसाला सोडा करताना निम्मा गॅस तिथंच जातो, त्याला काय इलाज?

जुनी गोटी
कोरडा मसाला वरून टाकतोस ना? मिठाच्या कणाकणावर बुडबुडा धरतो. मीठ-मसाला आधी लिंबाच्या रसात पुरता विरघळव, ग्लास गार असू दे, आणि सोडा कडेनं ओत. गिऱ्हाईकाला फेसच बघायचा असेल तर मात्र चिमूटभर वरून टाक, तमाशा तेवढाच होतो.