सतरा सामन्यांचा हंगाम आणि जुने विक्रम

एकाने लिहिलंय की एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) हंगामात एक सामना वाढवला म्हणून विक्रमांना काही धक्का लागत नाही. मला हे अजिबात पटत नाही. १९६१ ते १९७७ हंगाम १४ सामन्यांचा होता, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. ओ. जे. सिम्पसन या खेळाडूने १९७३ मध्ये १४ सामन्यांत चेंडू घेऊन धावत २,००३ यार्ड अंतर कापलं, म्हणजे सामन्यामागे १४३. एरिक डिकरसनचा एका हंगामातला १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम आजही उभा आहे, पण त्याला १६ सामने मिळाले होते. सरासरी १३१ च्या आसपास. मग मोठा कोण? माझ्या मते सिम्पसनचाच हंगाम.

२०२४ मध्ये सेक्वॉन बार्कली १६ सामन्यांत २,००५ वर होता. विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि सतरावा सामना हातात होता. पण त्याच्या फिलाडेल्फिया संघाने प्लेऑफसाठी (हंगामानंतरच्या बाद फेरीसाठी) त्याला विश्रांती दिली. निर्णय योग्यच होता. पण सतराव्या सामन्यात तो विक्रम मोडला गेला असता, तर मला खरंच वाईट वाटलं असतं.

शिवाय १७ हा विषम आकडा. निम्म्या संघांना घरच्या मैदानावर ९ सामने, उरलेल्यांना ८. दरवर्षी आलटून पालटून.